पूर्वाच्या कानापुरता घुमारा

मी ऑडिओ इंटरफेस बोलतोय. दचकू नका, नावाइतका मी अवघड नाही. डबा म्हणा, चालेल. या घरात सगळे तेच म्हणतात. माझ्या एका बाजूला माइक, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप आणि मधून माणसाचा आवाज जातो. शिवाय आवाज सजवायची सोय माझ्या पोटातच आहे. पातळ आवाज भरदार करतो, गाभाऱ्यात गायल्यासारखा घुमारा देतो. लग्नाचा फोटोवाला चेहऱ्याचं जे करतो, ते मी गळ्याचं करतो.

जन्म परदेशातल्या कारखान्यात. तिथून मला विश्रांतवाडीत आणलं आमोदनं. त्याला पॉडकास्ट काढायचं होतं. भाग निघाले दोन. दुसऱ्यात त्यानं तो भाग उशिरा आल्याबद्दल श्रोत्यांची माफी मागितली. श्रोती एकच होती, त्याची बायको पूर्वा, आणि तिनं लगेच माफ केलं. त्यानंतर दोन वर्षं मी इस्त्रीच्या कपड्यांखाली होतो.

मला बाहेर काढलं पूर्वानं. मुलगी मुक्ताई आठ महिन्यांची झालेली, आणि पूर्वाची रजा संपून सोमवारी ऑफिस सुरू होणार होतं. मुक्ताईला दुपारी आईची अंगाई लागे. पाळणाघरात मालनबाईंकडे आठवडाभर सवयीसाठी ठेवून पाहिलं, पण तिथं डोळ्याला डोळा लागेना.

"न झोपणारं बाळ मला नाही जमायचं हो, पूर्वाताई," मालनबाई म्हणाल्या. "ते एकटं जागत नाही, बाकीच्या पाचांना उठवतं. सोमवारी शेवटचं बघू. नाहीतर तुम्ही दुसरी सोय करा."

दुसरी सोय म्हणजे राजीनामा. सासर नागपूरला, माहेर अकोल्याला, आणि सोमवार तीन दिवसांवर.

"अंगाई रेकॉर्ड करून दे की," आमोद म्हणाला.

"फोनवर केली. ऐकलीस? तो माझा आवाज आहे?"

"तुझाच आहे."

"तेच तर!"

शाळेत समूहगीताच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, 'तू मागं उभी राहा, ओठ तेवढे हलव.' पूर्वानं ती आज्ञा वीस वर्षं पाळली. मुक्ताईपुढे गायची ती केवळ एवढ्यासाठी, की मुक्ताईला अजून अभिप्राय देता येत नव्हता.

शनिवारी सकाळी आमोद मुलीला बागेत घेऊन गेला आणि पूर्वा मला घेऊन कपाटात. खरोखर कपाटात बसली, रजया आणि साड्यांच्या मध्ये, बाहेरची गडबड माइकमध्ये येऊ नये म्हणून. हेडफोन चढवले, घुमाऱ्याचं बटण फिरवलं, पहिली ओळ गायली आणि थबकली.

"अय्या! ही मी?"

ती कुठली, तो मी होतो. पण एवढी खूश झालेल्या बाईला सांगणार कोण?

आता माझा अपराध सांगतो. सजावट नुसती गाणाऱ्याच्या कानात सोडायची, की रेकॉर्डिंगमध्येही उतरवायची, हे माझ्यात आधी ठरवावं लागतं. कारखान्यातून मी 'फक्त कानात' असाच येतो. माहितीपत्रकाच्या अकराव्या पानावर तसं स्पष्ट लिहिलंय. ज्या शहरात लोक परक्याच्या फाटकावरची पाटीही थांबून वाचतात, तिथं माझं अकरावं पान कोणी उघडलं नाही.

म्हणजे पूर्वाच्या कानात गंधर्व आणि लॅपटॉपमध्ये पूर्वा.

ती चार वेळा गायली. दर वेळी गाणं संपलं की माइक चालू आहे हे विसरून पुटपुटायची, "तिसऱ्या ओळीला घसरलेच. असू दे, परत. आमोदनं तिला टोपी घातली असेल ना? ऊन लागेल. फोन करू का? नको, चिडेल. पण टोपी..." मध्येच छपरावरून विमान गेलं. तेही मी प्रामाणिकपणे टिपलं.

आणि रेकॉर्डिंग तिनं परत ऐकलंच नाही. ऐकलं तर पाठवायचं धाडस होणार नाही, म्हणून डोळे मिटून सगळंच्या सगळं मालनबाईंना पाठवून दिलं.

पुढचं मी सोमवारी संध्याकाळी ऐकलं, पूर्वा आमोदला सांगत होती तेव्हा. दुपारी तिला ऑफिसात राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून पाळणाघरात धडकली, तर दारातच स्वतःचा उघडाबोडका आवाज. घुमारा नाही, काही नाही, वर विमान. तिचे कान तापले.

"अहो, बंद करा ते! चुकीचं आलंय. चांगलं घरी आहे, आज पाठवते."

मालनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत्ता झोपलीय."

"या गाण्यावर?"

"गाण्यावर नाही हो. गाणं चाललं होतं तोवर नुसती टकामका बघत होती. पण मग तुम्ही काळजी करायला लागता ना, टोपी घातली का, फोन करू का, तिथं मिटले डोळे." मग मालनबाईंनी जरा विचार केला. "उद्यापासून मी सरळ काळजीच लावत जाईन. तुमच्याकडे अजून असेल ना?"

आमोद इतका हसला की मुक्ताई दचकली. पूर्वाला हसावं की रडावं कळेना; तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. मग मला टेबलावर ओढलं आणि माझं एकेक बटण शून्यावर आणलं.

तेव्हापासून मी असाच आहे. ज्या करामतींसाठी माझी किंमत साध्या डब्याच्या दुप्पट, त्या सगळ्या बंद. महिन्याकाठी अर्धा तास सलग काळजी माझ्यातून पुढे जाते, आणि पाळणाघरातली सहाच्या सहा मुलं त्यावर झोपतात, असं ऐकतो. अपमान म्हणावा तर तोही धड करता येत नाही.

पण आता मी थांबतो, कारण तिनं माइक जोडलाय. अजून गाणाऱ्या माणसासारखा उगाच घसा खाकरते. मग वाकून विचारते, "मुक्ताई, वरणभात सगळा खाल्लास का गं? खरं सांग."

मी काही एक न लावता तसंच पुढे सोडतो.