तीन वेळची अंघोळ

रंगनाथ खिल्लारे दिवसातून तीन वेळा अंघोळ करायचे. पहाटे उठल्या उठल्या, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी. पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते तोवर याचं कुणाला नवल वाटलं नाही. ग्रीस, काजळी, डिझेल अंगाला लागणारा माणूस धुणारच. पण निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी अंघोळी तीनच राहिल्या. लाल साबणाची वडी आठवडाभर पुरत नसे. अंग घासायला त्यांनी कपड्यांचा ब्रश ठेवला होता, आणि न्हाणीतून त्याचा खरखर आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा.

दोन वर्षांपासून त्यांच्या अंगाला खाज सुटत होती. खाज म्हणजे मळ, असं धरून ते आणखी जोरात घासत. नडग्यांवरची कातडी तडकली, हातांवर लाल चट्टे उठले. चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले तेव्हा त्यांच्या पत्नी मालनबाईंनी ब्रश लपवून ठेवला. रंगनाथांनी दुसरा आणला.

मुलगी संघप्रिया जिंतूरला शिक्षिका होती. ती सुट्टीत आली, तिने वडिलांचे पाय बघितले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन परभणीला गेली. तिथल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात माधवी नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी रंगनाथांचा हात आपल्या हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नीट बघितला आणि विचारलं, अंघोळ किती वेळा करता?

तीनदा, रंगनाथ म्हणाले. आजवर एकबी चुकली न्हाई.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की कातडीला स्वतःचं तेल असतं. वय झालं की ते कमी सुटतं, आणि तुम्ही तर असलेलंही रोज तीनदा साबणाने काढून टाकता. आता एकच अंघोळ, कोमट पाण्याने, पाच मिनिटांत. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना. अंग ओलसर असतानाच मलम. थंडीत एखाद्या दिवशी अंघोळ केली नाही तरी काही बिघडत नाही.

रंगनाथांनी बाह्यांची बटणं लावली. "म्हंजे मी घाण राहू म्हंता," ते म्हणाले.

"तुम्ही अजिबात घाण नाही, काका. फार धुतलंय तुम्ही स्वतःला."

पण ते उठून बाहेर गेले होते. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. पिंगळी स्टेशन मागे पडल्यावर एवढंच म्हणाले, की त्या पोरीला सांगायला काय जातंय. घरी पोचले ते थेट न्हाणीत. खरखर सुरू झाली.

मालनबाई कणीक मळत होत्या. आवाज ऐकून त्यांचे हात थांबले. "तुला कधी सांगितलं न्हाई मी," त्या मुलीला म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी रंगनाथांनी एकदाच सांगितलेली गोष्ट त्यांनी तिला सांगितली.

रंगनाथांचं गाव जिंतूर तालुक्यातलं. ते चौथीत असताना शाळेत एक मास्तर होते. बौद्धवाड्यातली तीन पोरं शाळेत यायची. मास्तर रोज सकाळी त्यांना दाराबाहेर उभं करून माना, कोपरे, नखं बघायचे आणि वाटलं तर माघारी धाडायचे. बाकीच्या पोरांच्या माना बघायचे नाहीत. गावच्या विहिरीवर वाड्यातल्या माणसांना पाणी भरू देत नसत. रंगनाथांची आई उजाडायच्या आत नदीच्या वाळूत झिरा उकरायची आणि पोराला विटकरीच्या तुकड्याने घासून काढायची. एके दिवशी शाळेत तपासणीला मोठे साहेब येणार होते. रंगनाथ गणितात सगळ्यांच्या पुढे. पण मास्तर म्हणाले, वास येतोय, न्हाऊन ये. ते नदीवर जाऊन न्हाऊन आले. मास्तर म्हणाले, अजून येतोय. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा ओल्या केसांनी परत आले तोवर साहेब निघून गेले होते.

"तवापासून हे चाललंय," मालनबाई म्हणाल्या. "मी तरी काय बोलू त्यांना."

संघप्रिया स्वतः रोज चाळीस मुलांपुढे उभी राहत होती. न्हाणीतला आवाज थांबेपर्यंत तिथेच बसून राहिली.

महिन्याभराने रंगनाथांच्या उजव्या नडगीची भेग चिघळली. पाय सुजला, ताप भरला, चप्पल घालता येईना. संघप्रिया रजा टाकून आली आणि या वेळी त्यांनी कुरकुर न करता परभणीची वाट धरली.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर त्यांच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, पायजमा, हातात काठी. अंगाला आंबूस वास येत होता, आणि ते सारखे कमरेशी खाजवत होते. सोबत आलेली सून शिवकन्या त्यांना हळूच हात आवरायला सांगत होती. रंगनाथ जरा सरकून बसले.

पुढच्या टेबलावरच्या मुलीने रंगनाथ खिल्लारे असं नाव पुकारून नंबर सांगितला तसे ते गृहस्थ वळले. त्यांनी गावाचं नाव घेतलं आणि विचारलं, "चौथीतला रंगनाथ का तू?"

रंगनाथांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. डाव्या भुवईवरच्या जुन्या खुणेवरून ओळख पटली. दिनकरराव. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, पहिल्या ओळीत बसायचा.

"बरे हाव का तुमी," रंगनाथ म्हणाले.

दिनकररावांना बोलायला माणूस हवंच होतं. त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मागच्या पावसाळ्यात ते न्हाणीत घसरून पडले, खुबा मोडता मोडता राहिला. तेव्हापासून न्हाणीची धास्तीच बसली होती. आठ-दहा दिवसांनी कधीतरी अंघोळ. आता कमरेला, मांड्यांना गजकर्ण झालं होतं आणि डॉक्टर रोज अंघोळ करा म्हणून रागवायच्या. सांगता सांगता त्यांना हसू आलं. म्हणाले, लहानपणीही असंच होतं. चौथीच्या वर्षी आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, कुणाचं लक्ष नव्हतं, तेव्हा थंडीत आठ-आठ दिवस ते पाण्याला शिवत नसत.

मग त्यांचं हसू मावळलं.

"माझी मान मास्तरानं कधी बघितली न्हाई, रंगनाथ. आन तू वर्गात सगळ्यात सोच्छ होतास. तुझ्या केसातून पाणी गळायचं. साऱ्या वर्गाला माहीत होतं ते."

रंगनाथ पुरते त्यांच्याकडे वळले. आपण आजवर या माणसाशी तुमी म्हणून बोलत आलो, हे त्यांच्या ध्यानातून गेलं.

"मग बोलला कामून न्हाईस?"

"भ्यालो," दिनकरराव म्हणाले. आणि जरा थांबून, "खरं सांगू का, बरंबी वाटायचं. तुमच्याकडं बघण्यात मास्तरचा वेळ जायचा. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं."

"साठ वर्षं लागली तुला हे सांगायला."

"लागली," दिनकरराव म्हणाले. त्यांनी त्यावर आणखी काही जोडलं नाही, माफीचा शब्दही काढला नाही. रंगनाथांनाही तो ऐकायचा नव्हता. त्यांना एवढंच कळत होतं, की त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या पोराला वास येत नव्हता. आईच्या घासण्यात काही कमी पडलं नव्हतं. त्यांनी ते मनातल्या मनात हजार वेळा म्हटलं असेल, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून, तेही वर्गात बसलेल्या माणसाच्या तोंडून, पहिल्यांदाच ऐकलं होतं.

त्यांचा नंबर आला. डॉक्टर माधवींनी जखम धुतली, पट्टी बांधली, गोळ्या लिहून दिल्या. मागच्या वेळचं बोलणं पुन्हा काढावं की नाही, अशा विचारात त्या होत्या. तेवढ्यात रंगनाथांनीच विचारलं, "मॅडम, एकच आंगुळ म्हंजे कवा करायची? सकाळी का सांजच्याला?"

तुम्हाला बरं वाटेल तेव्हा, डॉक्टर म्हणाल्या.

"मग सकाळी करतो."

संघप्रियाने औषधांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवायच्या निमित्ताने मान खाली घातली.

बोलून मोकळं होणं सोपं होतं. दुपारचे बारा वाजले की रंगनाथांचे पाय आपोआप न्हाणीकडे वळत. दाराशी जाऊन ते उभे राहत, पंच्याची घडी करत, उलगडत. मालनबाई मलमाची डबी घेऊन यायच्या आणि त्यांना खाटेवर बसवून पाठीला, हातांना मलम लावायच्या. पहिल्या दिवशी रंगनाथांनी अगदी हळू आवाजात विचारलं, वास येतोय का गं?

मालनबाईंनी त्यांच्या मानेशी नाक नेलं. "येतोय," त्या म्हणाल्या. "मलमाचा."

रंगनाथ हसले. आपल्या अंगाबद्दल हा माणूस कधी हसू शकेल, असं मालनबाईंना वाटलं नव्हतं.

मध्ये दोनदा त्यांचा नेम मोडला, पुन्हा तीन अंघोळी झाल्या. एकदा शेजारच्या सिद्धोधनच्या मुलीचं लग्न होतं म्हणून, आणि एकदा काहीच कारण नसताना. दोन्ही वेळा त्यांनी संघप्रियाला फोन करून स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, उद्यापासून परत सुरू करा. थंडी सरता सरता नडग्यांवर गुळगुळीत कातडी धरली, आणि चादरी डागाळेनाशा झाल्या.

एका सकाळी चहा पिता पिता रंगनाथांच्या मनात दिनकररावांच्या न्हाणीचा विचार आला. घसरायच्या भीतीने जो माणूस न्हात नाही, त्याच्या भिंतीला धरायला एक पाइप लागतो. एवढंच काम. फिटरसाठी तर तासाभराचं. दवाखान्यात संघप्रियाने शिवकन्येचा नंबर घेतला होता, त्यावरून त्यांनी फोन जुळवून घेतला आणि किती लांबीचा पाइप, कसले क्लॅम्प, किती नंबरचे स्क्रू ते लिहून घ्यायला लावलं.

मालनबाईंना ते पटलं नाही. "त्याच्या न्हाणीचं काम तुमी कामून करायचं? तो बोलवायलाय म्हणून?"

"त्यानं न्हाई बोलवलं. मी जायलोय."

"पण कामून?"

रंगनाथांनी थोडा विचार केला. "न्हाता न येणं लय वाईट असतंय," ते म्हणाले.

ड्रिल मशीन पिशवीत घालून ते एसटीने जिंतूरला गेले, आणि तिथून जीपने गावात. दिनकररावांच्या घराच्या फाटकाबाहेर लहानपणी ते आईबरोबर ज्वारी घ्यायला उभे राहायचे. आईच्या ओच्यात वरून ज्वारी पडायची. आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. शिवकन्येने फाटक उघडलं, बसायच्या खोलीतून, देवघरावरून, स्वयंपाकघरातून त्यांना मागच्या न्हाणीपर्यंत नेलं. मग तिघांसाठी एकसारख्या कपांत चहा आणला. रंगनाथांनी कपांकडे बघितलं, आणि आपण बघितलं याचा त्यांना थोडा राग आला. चहा चांगला होता.

भिंत जुनी दगडी निघाली. ड्रिल सारखं अडत होतं. तासाभराचं काम तीन तास चाललं. त्यांनी एक पाइप आडवा, एक दाराजवळ उभा बसवला, खाली खडबडीत चटई टाकायला सांगितली आणि शेवटी दोन्ही हातांनी पाइपला लोंबकळून बघितलं. पाइप हलला नाही. अंगावर दगडाची भुकटी साचली होती, घामाने तिचा चिखल झाला होता.

"घे आता आंगुळ करून," ते दिनकररावांना म्हणाले. "मी हाय बाहेर."

दिनकरराव आत गेले. आधी नुसती शांतता. मग पाइप धरल्याचा आवाज, मग एक तांब्या, थांबून दुसरा, आणि मग न थांबता तांब्यामागून तांब्या. शिवकन्या चुलीशी पाणी तापवत होती. ती रंगनाथांकडे बघून म्हणाली, की मामंजी आज पहिल्यांदा स्वतःहून न्हायलेत. रंगनाथांनी मान डोलावली.

दिनकरराव धुतलेले कपडे घालून, पाइपचा आधार घेत बाहेर आले. चेहरा लाल झाला होता. त्यांनी रंगनाथांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "गरम पाणी आजून हाय. तूबी घे. धुळीनं पार भरलास."

रंगनाथांनी हात पुढे करून बघितले. भुकटीखाली नवी कातडी तशीच होती, कुठे तडा नव्हता. त्यांनी पंचा झटकून हात, मान, चेहरा पुसला.

"सकाळी केली मी," ते म्हणाले. "आता उद्या."

दिनकरराव त्यांना सोडायला स्टँडपर्यंत काठी टेकत आले. पुढच्या आठवड्यात क्लॅम्प एकदा आवळून बघ, रंगनाथांनी सांगितलं. तूच येऊन बघ की, दिनकरराव म्हणाले. जीप जवळजवळ भरली होती. मधल्या सीटवर दोन माणसांच्या मध्ये जागा होती. रंगनाथ दोघांच्या मध्ये टेकले, पिशवी मांडीवर घेतली आणि जिंतूर येईपर्यंत निवांत झोपले.