पाल्मेइरालची मोजणी

या, जरा पुढे सरकून बसा, मागच्यांनाही टेकायला जागा होऊ द्या. एका म्हातारीची, तिच्या ढोलाची आणि सोबत एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. गोष्ट छोटीच आहे. लांब आहे ती फक्त गाडी.

तीया लिओकादियाने ढोल खडीवर टेकवला आणि त्याच्या चामड्यावर तळहात ठेवला. समोर खनिजाची मालगाडी उभी होती, तीनशे तीस डब्यांची, दोन्हीकडे नजर संपेपर्यंत. चामडं गप्प होतं. गाडी हलणार असली की इंजिनाच्या आधी ढोलाला कळतं, चामडं हाताखाली मुंगी चालल्यासारखं थरथरतं, हे ती चाळीस वर्षांपूर्वी शिकली होती. तिने घागऱ्याचा काठ कमरेला खोचला, ढोल डब्याखाली पुढे ढकलला आणि त्याच्यामागे कोपरांवर सरपटत पलीकडे निघाली. अंगावरची लाल धूळ झटकली. वय एकोणसत्तर. सगळं गाव तिला तीया म्हणायचं, ज्यांची ती मावशी लागत नव्हती तेसुद्धा.

गावाची घरं रुळाच्या अलीकडे. प्रार्थनामंदिर, दवाखाना आणि बाबासू नावाच्या ताडांचं रान पलीकडे. बायका रोज रानात जाऊन बाबासूची फळं वेचायच्या, फोडून गर काढायच्या. गाडी उभी राहिली की कधी तास, कधी तीन तास हलत नसे. फाटकाचा वळसा पाऊण तासाचा. डोक्यावर टोपलं असताना तो कोण घेणार? सगळं पाल्मेइराल डब्यांखालून ये-जा करायचं, आणि त्याबद्दल परक्यासमोर चकार शब्द काढायचं नाही.

त्या सकाळी आब्दियास मात्र फाटकाने गेला. गावात प्रार्थना म्हणून घेणारा तोच. संतांची नावं तो एकेक करून आळवायचा आणि लोक मागून ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणत झेलायचे. त्याचा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत कितीदा पाणी आलंय. पवित्र आत्म्याचा लाल झेंडाही वर्षानुवर्षं त्याच्याच हाती. सणाच्या आठवड्यात तो झेंडा घरोघर फिरतो, पुढे आब्दियास, मागे ढोलवाल्या बायका. झेंडा कशाखालून जायचा नाही, वाकायचा नाही, फेरी पुरी होईस्तोवर काठीवरून उतरायचा नाही. त्यामुळे झेंडा फाटकाने जायचा, आणि इस्त्रीच्या विजारीतला आब्दियासही.

मंदिरालगतच्या सभागृहात सुनावणी होती. जुन्या रुळाशेजारी दुसरा रूळ येणार होता. कंपनीचा इंजिनिअर पडद्यावर चित्रं दाखवत होता. कुठल्या गावाला पादचारी पूल मिळणार, कुठल्या नाही. बोआ आग्वाला पूल होता. तिथे दिवसाला एकशे चाळीस माणसं फाटक सोडून पायी रूळ ओलांडतात. मग पाल्मेइराल आलं, आणि त्यापुढे एक वाटोळं शून्य.

सभागृहात खुर्च्या करकरल्या. कुणी हसलं, पण ते हसू लगेच विरलं.

आब्दियासने मान खाली घातली. गेल्या ऑगस्टमधली ती दुपार त्याला दिसली. कंपनीचा एक पोरगेला सर्वेक्षक त्याच्या पडवीत बसला होता, कॉफी पीत, मांडीवर पाटीसारखं यंत्र घेऊन. तुम्ही लोक रूळ कसे ओलांडता, असं त्याने विचारलं. आणि नेमकं त्याच क्षणी, त्या पोराच्या पाठीमागे, लिओकादिया डब्याखालून बाहेर येत होती. आधी ढोल, मग पांढरे केस, मग कोपरं. पोराने वळून पाहू नये म्हणून आब्दियास घाईने म्हणाला होता, “फाटकाने. आमचा झेंडासुद्धा फाटकानेच जातो. आम्ही काय कुत्री आहोत?” पोराने मान डोलावून बोट टेकवलं आणि खाली आब्दियासची सही घेतली. शून्य तिथे जन्मलं.

सरकारकडून आलेल्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं की ही माहिती कुणी दिली, खाली आब्दियास नावाच्या कुणाची सही आहे, ते इथे आहेत का.

आब्दियासने उठायचं ठरवलं. हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. भिंतीवर येशूचा क्रूस होता, आणि ज्या गळ्याने आठवड्याला साठ संत आळवले जात, त्या गळ्यातून एक ‘मी’ निघेना.

मागच्या रांगेतून लिओकादिया उठली.

“सही त्यांची आहे, बाई, पण शब्द माझा,” ती म्हणाली. “मीच म्हटलं होतं, असं लिहा म्हणून. म्हातारीला लाज वाटली. मी डब्याखालून जाते. आजही तशीच आलेय.” तिने कोपर वर करून लाल डाग दाखवला.

बाईंनी विचारलं, भीती नाही वाटत?

“एक रूळ आहे तोवर ढोल सांगतो मला. दोन झाले की चामडं थरथरेल, पण कुठली गाडी ते कसं सांगणार? उभ्या गाडीखालून बाहेर निघायचं आणि चालत्या गाडीपुढे जायचं. माझं सोडा, माझं झालंय जगून. या बायांना पूल द्या.”

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या की शून्य त्यांना खोडता येत नाही, पण पुन्हा मोजता येतं. सणाच्या आठवड्यात माणूस पाठवू, तो तीन दिवस बसेल, त्याची मोजणी शेवटची.

बाहेर चिंचेच्या सावलीत आब्दियास लिओकादियाची वाट पाहत उभा राहिला. त्याच्या लेकीची ती धर्ममाता, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणायची. तो म्हणाला, “कोमाद्रे, तुम्ही क्रुसासमोर खोटं बोललात.”

“बोलले. त्याचं मी बघेन,” ती म्हणाली. “ढोल धरा जरा, घागरा खोचायचाय.” आणि गाडी अजून उभीच होती म्हणून ती खाली वाकली.

त्याने ढोल तिच्या पुढे आत सरकवला आणि फाटकाकडे चालू लागला. त्या पाऊण तासात त्याने कुठलीही प्रार्थना म्हटली नाही.

मोजणीवाला सणाच्या सोमवारी आला. साधा, घामेजलेला माणूस. त्याने रुळाच्या पलीकडे प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, डोक्यावर छत्री बांधली, मांडीवर वही घेतली. दहा वाजता गाडी येऊन थांबली.

आता ऐका, काय झालं ते. पाल्मेइरालच्या बायका टोपली घेऊन निघाल्या, दोन डब्यांच्या फटीतून पलीकडची वही पाहिली, आणि फाटकाकडे वळल्या. सगळ्या. काहींनी तर धुतलेले कपडे घातले होते. कधी नव्हे ते गाव रांगेने, गप्पा मारत, पाऊण तासाचा वळसा घेऊन गेलं. मोजणीवाल्याला वाटलं, किती शिस्तीची माणसं.

संध्याकाळी वहीत दोन रेघा होत्या. लिओकादिया जाताना एक, येताना एक.

आब्दियास त्याच दिवशी उजेड असेपर्यंत दारोदार फिरला. उद्या रोजच्यासारखं जा, म्हणून विनवलं. पूल हवा की नको? पूल सगळ्यांनाच हवा होता. पण तो माणूस बघतो ना, बायका म्हणाल्या. परक्या पुरुषासमोर पोटावर सरपटायचं, आणि वर त्याने ते लिहून घ्यायचं? बेनेदिता नावाची एक फटकळ बाई आहे, अजून जिवंत आहे, तिचा नेम कधी चुकत नाही. ती दारात गर काढत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, “तुम्हीच म्हणाला होतात म्हणे, आम्ही काय कुत्री आहोत? मग उद्या तुम्ही दाखवा भुंकून, आम्ही येतो मागून.”

म्हणजे गावाला ठाऊक होतं. लिओकादियाचं खोटं सरकारने मानलं असेल, पाल्मेइरालने एक दिवसही मानलं नव्हतं. सगळ्यांनी त्याला झाकलं होतं, आणि तो त्यांच्यासमोर दर शनिवारी उभा राहून संतांची नावं घेत होता. टोपी हातात धरून तो घरी आला.

मंगळवारीही दोन रेघा.

बुधवारी झेंड्याची फेरी पलीकडे जायची होती. आब्दियास पांढऱ्या विजारीत, हातात काठी, काठीवर लाल झेंडा, झेंड्यावर पांढरं कबूतर आणि नवसाच्या रंगीत फिती. मागे लिओकादिया आणि तिच्या चार ढोलवाल्या, त्यांच्यामागे गाव. रुळापाशी आले, तर गाडी उभी. मोजणीवाल्याने पलीकडून, डब्यांच्या फटीतून, मान तुकवून झेंड्याला नमस्कार केला. मिरवणूक रिवाजाप्रमाणे फाटकाच्या वाटेला वळली.

लिओकादियाही वळली. झेंडा जातो तिथे ढोल जातो; त्या दिवशी तिला खालून जायची मुभा नव्हती. म्हणजे त्या दिवशी वहीत एकही रेघ पडली नसती.

आब्दियास थांबला.

ढोल एकेक करून बंद पडले. त्याने काठी आडवी केली, वरची गाठ सोडली, मग खालची. झेंडा हातात उतरला तेव्हा मागे कुणीतरी बाई हळूच ‘येशू’ म्हणाली. फेरी अर्धी असताना झेंडा उतरलेला पाल्मेइरालने कधी पाहिला नव्हता. त्याने त्याची घडी केली, कबूतर आत ठेवून, जशी आई लेकराच्या दुपट्याची घडी करते, आणि सदऱ्याच्या आत छातीशी ठेवला.

“कोमाद्रे,” तो म्हणाला, “ढोल बघता जरा?”

लिओकादियाने त्याच्याकडे पाहिलं. मग ढोल खडीवर टेकवला.

“मी नाही. तुम्ही ठेवा हात,” ती म्हणाली. “पालथा ठेवा. दाबू नका, नुसता टेकवा. आता गप्प राहा. काही आहे?”

“नाही.”

“मग जा.”

तो गुडघ्यांवर आला. मग कोपरांवर. त्याला सवय नव्हती. डोकं डब्याच्या लोखंडावर आपटलं, विजार खडीत अडकून फाटली, आणि मधोमध, डब्याच्या पोटाखाली, तो क्षणभर थांबला. तिथे काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर निघाला तेव्हा छातीपासून पायापर्यंत लाल झाला होता, आणि मोजणीवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

“माझं नाव आब्दियास,” तो त्याला म्हणाला. “ते शून्य माझं. आमच्या ढोलवाल्या बाई खोटं बोलल्या माझ्यासाठी. हेही लिहा.”

मोजणीवाला म्हणाला की नावासाठी वहीत रकाना नाही, फक्त रेघा आहेत. त्याने एक रेघ मारली. डब्याखालून आधी एक ढोल बाहेर आला, मग पांढरे केस. त्याने दुसरी मारली. मग पलीकडून बेनेदिताचा आवाज आला, ती कुणाला तरी घागरा नीट खोच म्हणून झापत होती. आणि मोजणीवाल्याने पान उलटलं, पेन्सिल पुन्हा टोकदार केली, आणि खाली बसला.

पूल झाला की नाही, ते विचारू नका. कागद अजून राजधानीत फिरताहेत. झेंड्यावरचा त्या धुळीचा डाग मात्र धुवून निघत नाही, आणि आब्दियास तो कुणाला धुऊ देत नाही.

लिओकादिया गेल्या पावसाळ्यात गेली, आपल्या खाटेवर, रुळावर नाही, देवाची कृपा. तुम्ही रात्री प्रार्थनेला गुडघे टेकाल, तेव्हा एवढं करा: आपल्या नावाआधी तिचं नाव घ्या.