उताणी समाधी

मेलेलं माणूस परत येत नाही, हा सृष्टीचा नियम आहे. जवळा बाजार या गावात २००३ सालच्या उन्हाळ्यात हा नियम दर आठवड्याला मोडला जात असे. तोही बाजाराच्या दिवशीच, कारण इतर दिवशी बघायला कुणी नसे.

मोडणारे सोनाजी महाराज. जागा, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगचं पत्र्याचं शेड. मधोमध फळी, फळीवर दिवस भरत आलेली बाई, आणि भोवती कांद्या-मिरच्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेला निम्मा बाजार. बाईला उताणी निजवत. दोन सेविका तिचे खांदे दाबून धरत. मग महाराज फळीभोवती फिरू लागत. आवाज मधाचा, मजकूर चाकूचा.

"हलू नको, माय. वळू नको. तुझ्या पोटाभवती काळं वेटोळं बसलंय. तू कूस बदलली की त्यानं नाळ आवळली! लेकराच्या गळ्यात फास. कोनाच्या हातानं? तुझ्या!"

हे पटवायला त्यांना फार कष्ट पडत नसत. आपल्याकडे पोट दिसायला लागलं की सांगतातच, बाईनं निजल्या निजल्या कूस बदलू नये. आधी उठून बसावं, मग दुसऱ्या अंगावर निजावं, नाहीतर नाळ गुंडाळते. आजी सांगते, सासू सांगते, शेजारीण तर न विचारता सांगते. महाराजांनी त्यातून उठून बसणं तेवढं काढून टाकलं होतं.

थोड्या वेळानं बाईचे ओठ पांढरे पडत. कपाळावर घाम फुटे. डोळे वर जात. "चालली," कुणीतरी पुटपुटे, आणि तापलेल्या पत्र्यांची तडतड तेवढी ऐकू येई. मग महाराज मोरपीस फिरवून "परत ये!" असं गर्जत आणि तिला अलगद डाव्या कुशीवर वळवत. चेहऱ्यावर रंग येई. नारळ फुटत. एखादीला काहीच होत नसे. तिला 'निर्मळ' ठरवून घाईनं उठवत.

बाकीच्यांना व्रत. बाळंत होईपर्यंत घरीही उताणंच निजायचं, चालायचं नाही, काम करायचं नाही. कूस बदलायची ती महाराजांच्या हातानं, म्हणजे पुढच्या बाजाराला. जीव गुदमरून बाई घरी वळलीच, तर दोष तिचा.

डोंगरकडा गावच्या रूपाबाईला मेलेलं मूल झालं. महाराज म्हणाले, "तिनं झोपेत कूस बदलली." लेकराला माती देऊन आलेली ती बाई भर शेडात उभी राहिली आणि हात जोडून तिनं गुन्हा कबूल केला. पुढं दर बाजाराला ती प्रायश्चित्त म्हणून शेड झाडायला येई. त्या शेडात मी बायका बेशुद्ध पडताना पाहिल्या, पण त्या झाडण्याच्या आवाजाइतकं भीतिदायक काही पाहिलं-ऐकलं नाही.

मग त्या फळीवर निजायची पाळी शीतलवर आली.

शीतल म्हणजे माझ्यासोबत ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या प्रेमानंदची बायको. आठवा महिना सरत आलेला. पहिलं मूल दोन दिवसांचं होऊन गेलेलं, त्यामुळे अख्खं घर श्वास रोखून होतं. प्रेमानंदच्या आईनं, कमलबाईंनी, सुनेला शेडात नेऊन व्रत धरायला लावलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर शीतल खाटेवर छताकडे बघत पडलेली.

"मावशी, तुम्ही तर देव मानत नाही," मी म्हणालो.

"न्हाईच मानत. ते कुठं देव हायत? ते महाराज हायत."

हा युक्तिवाद मी चहाबरोबर गिळला.

"सर, पाय सुजून राहिले," शीतल म्हणाली. "अन् लेकरू मंद झालंय. आधी लाथा मारायचं. कालपासून नुसतं चुळबुळ करून राहिलं."

"गुणाचं हाय," कमलबाई म्हणाल्या. "महाराजांचा गुण."

"माय, मी हिला दवाखान्यात नेतो," प्रेमानंद उठला.

"पहिल्या टायमाला नेलंच होतं की. काय दिलं दवाखान्यानं? गाठोडं!"

प्रेमानंदनं चपला पायात सरकवल्या. डॉक्टरलाच घरी आणायचं म्हणून आम्ही दोघं स्टँडजवळ डॉ. आफिफांच्या दवाखान्यात गेलो. 'लेकरू मंद झालंय' एवढं ऐकताच त्या हातातला पेशंट नर्सकडे सोपवून उठल्या. "वाट कसली बघताय? चला." आम्ही घरी पोचलो तर दाराला कुलूप. कमलबाईंनी सुनेला ऑटोत घालून शेडात नेलं होतं.

शेडात पोचलो तेव्हा शीतल फळीवर होती. ओठ पांढरे. मानेवरून घामाचा ओघळ. आम्ही पुढं घुसलो, तर सेवकांनी दारातच अडवलं. प्रेमानंदला दोघांनी मागून मिठीत आवळून धरलं. फळीपर्यंत हात पोचत होता तो एकट्या कमलबाईंचा. त्या उशाशी बसल्या होत्या.

"कमलबाई!" डॉक्टर गर्दीतून ओरडल्या. "तिला वळवा! कुशीवर घ्या, आत्ता!"

"वळव की," महाराज गोड हसले. "नातवाचा फास सोताच्या हातानं वढ. मंग माझ्याकडं रडत येऊ नको, माय."

कमलबाईंचा हात उचलला गेला आणि हवेतच थांबला.

"आत्या," शीतलनं सासूला कसाबसा आवाज दिला, "माझा जीव चाललाय."

कमलबाईंनी एका सेविकेला कोपरानं बाजूला ढकललं, डोळे गच्च मिटले आणि सुनेला दोन्ही हातांनी डाव्या अंगावर ओढलं. मंत्र नाही, मोरपीस नाही. तोंडातून फक्त "माय गं" निघालं.

शीतलनं खोल श्वास घेतला. ओठांवर रंग आला. महाराजांचं मोरपीस हवेतच राहिलं होतं.

"डॉक्टरीणबाईचा मंत्र लागला!" मागून कुणीतरी ओरडलं. चमत्काराशिवाय घरी जायला माणसं तयार नव्हती.

"मंत्र कसला?" डॉक्टर सेवकांना हटवत पुढं आल्या. "पाठीच्या कण्याजवळून एक मोठी रक्तवाहिनी जाते. अंगातलं रक्त ती हृदयाकडं नेते. शेवटच्या महिन्यांत बाई उताणी निजली की भरलेल्या गर्भाशयाचा भार त्या वाहिनीवर पडतो. पाइपावर पाय दिला की पाणी थांबतं, तसं. बाईला चक्कर येते, लेकराचंही रक्त कमी होतं. कुशीवर घेतलं की पाय निघाला. सगळ्यांना होत नाही, म्हणून काहीजणी 'निर्मळ' निघतात."

"अन् नाळ?" कमलबाईंनी विचारलं. त्यांचे हात अजून सुनेच्या पाठीवर होते.

"लेकरू पाण्यात फिरतं, नाळ गुंडाळलीच तर त्याच्याच फिरण्यानं. पुष्कळांच्या गळ्यात असते आणि लेकरं धडधाकट जन्मतात. आईच्या कूस बदलण्याचा त्याच्याशी संबंध नाही. कुशीवर निजा, हव्या त्या. झोपेत उताण्या झालात तर घाबरू नका, वळा. डॉक्टरनं मनाई केली नसेल तर रोज फिरा, घरातलं हलकं काम करा. गरोदरपण म्हणजे कैद नव्हे."

कोपऱ्यातून झाडू पडल्याचा आवाज आला. रूपाबाई पुढं आली.

"मंग म्या न्हाई मारलं?"

"तुझं लेकरू कशानं गेलं, ते मी आज सांगू शकत नाही, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "पण तू वळलीस म्हणून गेलं नाही. हे नक्की."

रूपाबाई खाली बसली; पडलेला झाडू तिनं पुन्हा उचलला नाही. बायका आपापल्या सुना-लेकींकडे बघू लागल्या. या गडबडीत महाराज मागच्या दारानं गेले. व्रतात चालायला बंदी होती, ती फक्त बायकांना.

शीतलला आम्ही तसंच जीपनं हिंगोलीला नेलं. संध्याकाळी ऑपरेशन करून मुलगी झाली. वजन कमी, आवाज भरपूर.

तेव्हा सांगणं एवढंच. जो चमत्कार तुम्हाला हलू नका म्हणतो, तो आधी थोडं हलून तपासा. खरा असेल तर टिकेल. शंका डॉक्टरला विचारा, उत्तर न पटलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. ज्याला प्रश्न विचारल्यावर शाप मिळतो, त्याच्या हाती पोटुशी बाई देऊ नका.

महाराज पुढं पोलिसांना सापडले. हिमालयात बारा वर्षं तप केल्याचं त्यांनी जबाबात सांगितलं. चौकशीत निघालं की त्यातली शेवटची तीन वर्षं ते नांदेडच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात स्ट्रेचर ढकलत होते, आणि "पेशंट उताणी नको, कुशीवर घ्या" म्हणून तिथल्या डॉक्टरची रोज बोलणी खात होते.