न केलेली सही

खडकीच्या समाजमंदिरात फ्लेक्स लागला, तेव्हा पूर्वा वंदनेच्या मेणबत्त्या लावत होती. तिनं मान वर केली आणि हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. बाबांच्या फोटोशेजारी ते हॉटेल उभं होतं. एकशे एक मजले, सगळी काच, टोकाला लाल दिवा. खाली सोनेरी अक्षरं : 'जगातील सर्वांत भव्य हॉटेलचे शिल्पकार, कालकथित दशरथ रणपिसे'.

"काका, हे कुणी लिहायला सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात?" बुद्धभूषणकाका खुर्च्या मांडता मांडता म्हणाले. "दादा तिकडे गेला होता की नाही?"

"लिफ्ट बसवायला गेले होते."

"मग? लिफ्टशिवाय हॉटेलात काय शिडीनं चढतात?"

जगाला दारं लावून बसलेल्या त्या देशाच्या राजधानीत दशरथ आठ महिने राहिले होते. अंधारलेल्या शहरात ते हॉटेल एकटं झगमगायचं, जणू घराघरांतले दिवे काढून त्यालाच लावले होते. खाली लॉबीत संगमरवर, झुंबरं आणि उद्घाटनाआधीच दाखवायला आणून बसवलेले, रोज तेच बारा पाहुणे. सकाळी एका सुटात, दुपारी दुसऱ्या. सतराव्या मजल्यापासून वर नुसते खांब. लिफ्टमध्ये मात्र एकशे एक बटणं. सतराच्या वरचं कुठलंही दाबा, दिवा लागायचा. लिफ्ट हलायची नाही.

उद्घाटनाआधी दशरथांपुढे कागद आला : सर्व लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत सुरक्षित चालतात. त्यांनी पेनाचं टोपण काढलंच नाही. त्यांना पुढच्या विमानात बसवलं गेलं आणि महिनाभरात नोकरी गेली. नंतरची बावीस वर्षं त्यांनी सदाशिव पेठेतल्या सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. "चौथ्यापर्यंतच जातात, पण जातात," असं ते म्हणायचे.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला माणसं जमली. सगळ्यांनी हात जोडून पाच शीलं घेतली. चौथं, खोटं न बोलण्याचं, पुस्तिकेत बघून सगळ्यांत खणखणीत म्हटलं ते दीनानाथसाहेबांनी. ते तेव्हाचे दशरथांचे वरिष्ठ, आता कंपनीचे संचालक. मग त्यांनीच माइक घेतला.

"दशरथराव म्हणजे माझा उजवा हात. ते हॉटेल आज उभं आहे, ते त्यांच्या सहीवर!"

माना डोलल्या. काकांनी डोळे पुसले. पूर्वानं आईकडे पाहिलं. चंपाबाई इतकी वर्षं नातेवाइकांना "हो, त्यांनीच बांधलं" म्हणत आल्या होत्या. नोकरी का गेली हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. गप्प बसणं पूर्वालाही सोपं होतं. पण बाबांनी जी सही नोकरी गेली तरी केली नाही, ती आज त्यांच्या नावावर चढत होती, आणि ती खोडायला ते येणार नव्हते.

ती उठली. "साहेब, ती सही बाबांची नाही. त्यांनी नाही म्हटल्यावर तुम्ही केलीत."

साहेबांनी माइक खाली घेतला. "अगं पूर्वा, ही काय वेळ आहे का?"

"चौथं शील आत्ताच झालंय. जेवणं होईपर्यंत तरी पाळू या."

काका फ्लेक्सकडे आणि साहेबांकडे आळीपाळीनं बघत राहिले. तेवढ्यात चंपाबाई उठल्या.

"भाऊजी, कात्री द्या."

"वहिनी, अहो कोरा करकरीत आहे!"

"बरं झालं. सरळ कापला जाईल."

बाबा भिंतीवर राहिले. हॉटेल दारात अंथरलं गेलं, चपलांसाठी. दीनानाथसाहेब जेवायला थांबले नाहीत. बाकीची दीडशे माणसं थांबली, आणि त्या हॉटेलचे तळापासून लाल दिव्यापर्यंतचे सगळे मजले पहिल्यांदाच भरले.