जावळाचा गोळा

पूर्णिमानं प्लॅस्टिकची पिशवी उघडली आणि आंबलेल्या कणकेचा वास थेट तिच्या घशाशी आला. मार्केट यार्डाजवळच्या त्या छोट्या डिटेक्टिव्ह ऑफिसात सडक्या कोबीचा वास कायमचाच, पण हा तसला नव्हता. हा कुणाच्या तरी तोंडातून निघालेला होता.

"आईच्या तोंडात कोंबलेला गोळा पोलिसांनी नेला," समोर बसलेला अभय म्हणाला. "हा तुकडा पलंगाखाली राहिला होता. केस आहेत त्यात."

अभयची आई, कुसुमताई, परवा दुपारी वारज्याच्या फ्लॅटमध्ये गुदमरून मेलेली सापडली होती. कपाळभर कुंकू, पायांना हळद आणि घशापर्यंत केसांची कणीक. तीन महिन्यांत वारज्यातली ही तिसरी म्हातारी. पोलीस करणी करणाऱ्या बुवांची धरपकड करत बसले होते, म्हणून अभय या दोघांकडे आला होता. बापूराव पोलिसातून निवृत्त झालेले. पूर्णिमा एरवी लग्नाच्या स्थळांची चौकशी करणारी.

"उलटी येत असेल तर बेसिन तिकडे आहे," बापूराव म्हणाले. "माझ्या फायलींवर नको."

पूर्णिमानं नाकाला ओढणी लावली आणि भिंग धरलं. कात्री लागलेल्या केसाचं टोक बोथट असतं. यांची एका बाजूची टोकं निमुळती होती, म्हणजे हे केस पूर्वी कधी कापलेलेच नव्हते. आणि किती मऊ! असेच केस तिनं गेल्याच आठवड्यात आपल्या तळहातावर घेतले होते.

"हे जावळ आहे. अभय, घरात बाळ आहे तुमच्या?"

"मुलगी आहे. अकराच दिवस झाले जावळाला."

"केस कुठे सोडले?"

"नदीवर जायला वेळ कुणाला आहे हो? आईनं सुदर्शनला दिले. सोसायट्यांमधलं निर्माल्य नेतो ना, तो. एक पैसा घेत नाही. फार सज्जन मुलगा."

बापूरावांनी आधीच्या दोन्ही घरी फोन लावले. दुसरा ठेवताना त्यांच्या आवाजातला खवचटपणा गेला होता. "तेच नाव. आणि तिन्हीकडे मरण जावळानंतरच्या नवव्या दिवशी."

पूर्णिमानं बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. तिच्या मुलीच्या, पायलच्या जावळाला आज नऊ दिवस होत होते.

दुधाची बाटली तीनतीनदा उकळणारी ती. जावळाच्या दिवशी दारात उभी राहून सुदर्शनला म्हणाली होती, "नदीच्या त्या गटारात टाकू माझ्या बाळाचे केस? शी!" आणि सुदर्शन मान खाली घालून हसला होता. "अगदी बरोबर, वहिनी. द्या इकडे."

तिनं घरी फोन लावला. सासूबाईंना, गोदाबाईंना, कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"बरं झालं गं फोन केलास! सुदर्शन आलाय. प्रसाद आणलाय म्हणे, स्वतःच्या हातानं भरवणार आहे मला."

तो ऐकत होता.

"आई, पायलच्या डोसची वेळ झाली ना? रिक्षा खाली उभी आहे. तिला घेऊन आत्ताच्या आत्ता उतरा."

डोस शुक्रवारीच झाला होता. रडणाऱ्या पायलला गोदाबाईंनीच मांडीवर धरलं होतं. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हात्तिच्या, विसरलेच की! सुदर्शन, तू चहा संपव रे बाळा. हिला खाली देऊन आलेच मी."

दार आपटलं. मग बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला.

पोलिसांना फोन करत दोघं वारज्याला पूर्णिमाच्या घरी पोचली, तेव्हा दारात दोन शिपाई उभे होते आणि आतून सुदर्शन शांतपणे बोलत होता.

"वहिनी आल्या का? सांगा ना यांना, नदी केवढी घाण झालीये. जावळात मागच्या जन्माचं पाप असतं, ते तिच्यात कसं सोडायचं? म्हाताऱ्या माणसांनी पोटात घेतलं, की त्यांच्याबरोबर जातं. गटारात नको, हे तुम्हीच म्हणालात ना?"

कडी काढली. हातकडी पडण्याआधी त्यानं कप बशीत नीट ठेवला. शेजारी स्टीलचा डबा उघडा होता. त्यात हिरवट बुरशीची कणीक आणि तिच्यातून डोकावणारी पायलची कुरळी बट. पूर्णिमा जिन्यातच ओकली.

गोदाबाई वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, चंद्रभागाकाकूंकडे होत्या. त्यांच्या कडेवरून पायलनं हात पसरले. पूर्णिमा आधी बेसिनपाशी गेली. हातांना साबण लावला, हात धुतले, पुन्हा साबण लावला. वास जाईना.

"घे गं तिला, किती वेळ धुशील?" गोदाबाई म्हणाल्या. "आणि तो कप फेकून दे. मला नकोय घरात."

पूर्णिमानं पायलला छातीशी धरलं. रोज त्या टाळूचा वास घेतल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. आज तिथे नाक टेकवण्याचं तिला धाडस होईना.