लाल दोऱ्याचा पंप

मित्रांनो, मी एक जुना गिअर पंप आहे आणि मी कुरकुरतो. दुसऱ्या कुणी चुगली करण्याआधी मीच सांगून टाकतो. माझ्या मानेला हा विटका लाल दोरा दिसतो ना, तो नापास झाल्याची खूण आहे. मला त्याची लाज वाटत नाही. मी तो मिरवतो. का, ते ऐका.

आधी माझी ओळख करून देतो. मी तुमच्या मुठीएवढा. अंग पोलादाचे आणि पोटात कडक प्लास्टिकची दोन दातेरी चाके. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून बघा. माझ्या चाकांचे दात तसेच गुंतलेले असतात. एक चाक फिरले की दुसऱ्याला फिरावेच लागते. आता सांगा, पाणी माझ्यातून कुठून जाते? दोन चाकांच्या मधून, असेच म्हणालात ना? चुकलात! वाईट वाटून घेऊ नका, मोठी माणसेही इथेच फसतात. आकाशपाळण्यात माणसे बसतात तसे पाणी दोन दातांमधल्या खाचेत बसते, भिंतीच्या कडेकडेने अर्धी फेरी मारते आणि पलीकडे उतरते. मध्ये जे दात गुंतलेले असतात ते पाण्याची परतीची वाट अडवायला.

आणखी एक गंमत. मला फिरवणारी मोटर माझ्या पोटात शिरत नाही. ती बाहेर, मी आत, मध्ये पातळ भिंत. बाहेर चुंबक फिरले की आतले चुंबक त्याच्यामागे ओढले जाऊन फिरते. मोटरच्या दांड्यासाठी भोकच नाही, तर गळणार कुठून? ही गंमत लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच सगळे फसणार आहेत.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे पूर्वी शाईच्या आणि अत्तराच्या बाटल्या भरायचे पंप बनत. सगळा थंड मामला. तिथली एक रीत होती. पंप तयार झाला की तो कानवाल्या मामांपुढे जाई. मामा म्हणजे तिथले सर्वांत जुने तपासनीस. लाकडी दांडीचे एक टोक ते चालत्या पंपाला टेकवत, दुसरे कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. तेवढा वेळ कुणी साधे खोकायचेही नाही. पंप शांत असला तर त्याला हिरवा दोरा आणि जुळवणाऱ्याच्या पाठीवर थाप. पंप कुरकुरला तर लाल दोरा, आणि रवानगी थेट भंगाराच्या डब्यात. 'आमचा पंप बोलत नाही' हा तिथल्या सगळ्यांचा अभिमान होता.

मग एके दिवशी वेगळेच काम आले: डायलिसिसच्या यंत्रासाठी पंप. मूत्रपिंडे थकली की रक्तातली घाण बाहेर पडत नाही. हे यंत्र ते रक्त एका बारीक गाळणीतून फिरवते, आणि गाळणीच्या पलीकडून एक द्रावण वाहत ती घाण घेऊन जाते. रक्ताला मी हात लावत नाही, त्याचा पंप वेगळा. मी त्या द्रावणाचा.

मला कागदावर आखले ते एका बाईंनी. दिवसभर त्या चाकांच्या दातांविषयीच बोलत, म्हणून कारखान्यात त्यांना 'दातवाल्या बाई' म्हणत. नवखा माणूस त्यांना दाढ दाखवायला यायचा! या बाईंना माझ्या कामाची घाई होती आणि तिला कारण होते. त्यांचे वडील, उभा जन्म शिवणकाम केलेले, आठवड्यातून तीनदा सरकारी दवाखान्यात त्या यंत्राला जोडले जात. तिथली यंत्रे जुनी. एक बंद पडले की डायलिसिस पुढे ढकलले जाई आणि वडिलांचे पाय सुजत, जिना चढताना धाप लागे. आमचे पंप ज्या नव्या यंत्रांत बसणार होते, ती त्याच वॉर्डात जाणार होती.

बाईंनी माझी चाके जरा लहान ठेवली. जरा म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. शिंप्याची लेक ती. कपडा बेतताना जागा सोडावी लागते हे तिने चालायला शिकण्याआधी पाहिले होते. दवाखान्यात प्रत्येक रोग्यानंतर यंत्र जवळजवळ उकळत्या पाण्याने धुतात. त्या पाण्यात माझी प्लास्टिकची चाके फुगतात, आणि पोलादी भिंत फारशी फुगत नाही. आधीच गच्च बसलेले चाक मग जाणार कुठे? म्हणून ती जागा. तिच्यामुळे थंड पाण्यात माझे दात एकमेकांवर थोडे आपटतात आणि मी कुरकुरतो. एवढाच माझा गुन्हा.

मामांनी दांडी टेकवली, डोळे मिटले आणि नाक मुरडले.

"बाई, हा खडखडतोय. ढिला बसलाय."

"ढिला नाही मामा, मुद्दाम जागा सोडलीय. याला गरम पाण्यात ऐका."

"गरम करून? पंप आहे की चहा?"

सगळे फिदीफिदी हसले. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले, "दातवाल्या बाईंच्या पंपाचे दात हलतायत! कवळी बसवा त्याला!"

लाल दोरा बांधला गेला. मी त्या हसण्यातही कुरकुरत राहिलो. का गप्प बसू? मला गप्प बसायला बनवलेच नव्हते.

बाई मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट नव्हते, घाईत होते.

"बाई, पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या सिस्टर पंप बघायला येतायत. त्या काय दात मोजणार आहेत? आवाज ऐकणार. चाकं मोठी करा, गच्च बसवा."

"साहेब, गरम पाण्यात अडकतील."

"पाणीच ना ते? आजवर आपला एक पंप अडकलाय का?"

खरे होते. एकही अडकला नव्हता, कारण अत्तर कुणी उकळत नाही.

गच्च चाकांचे नवे पंप बनले आणि सगळ्यांच्या गळ्यात हिरवे दोरे पडले. बाईंनी मला भंगाराच्या डब्यातून उचलले, फडक्यात गुंडाळले आणि घरी नेऊन शिवणयंत्राशेजारी ठेवले. वडील खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते.

"हे कोण पाहुणे?" त्यांनी विचारले.

"नापास झालेत."

"कशात?"

"कुरकुरतात म्हणून."

"मग राहू दे घरातच. आपल्या खानदानाला शोभतोय." ते हसले आणि हसतानाच त्यांना धाप लागली. बाईंनी पाण्याचा पेला उचलला, पण थकलेल्या मूत्रपिंडांमुळे त्यांना पाणी मोजूनच प्यायचे होते, म्हणून परत ठेवला. "साहेबांशी बोललीस?"

"बोलले, बाबा. ऐकत नाहीत."

"ऐकत नाहीत तर दाखव. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की शिंप्याला तोंड उघडावं लागत नाही."

सिस्टर येणार त्या सकाळी बाई सर्वांच्या आधी कारखान्यात गेल्या आणि तपासणीच्या टेबलामागे मोठ्या भांड्यात पाणी तापत ठेवले. मी त्यांच्या खिशात होतो.

सिस्टर आल्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, चालणे भराभर. टेबलावर हिरव्या दोऱ्याचा पंप पारदर्शक नळ्यांना जोडला होता. थंड पाणी सोडले, पंप सुरू झाला. अगदी मांजराच्या पावलांनी. साहेबांनी मान वर करून सगळीकडे पाहिले.

"छान," सिस्टर म्हणाल्या. "पण आम्ही दर रोग्यानंतर यंत्र कढत पाण्याने धुतो. ते कसं होतं, दाखवा की."

"गरम पाणी तेवढं..." साहेब अडखळले.

"तयार आहे," बाई म्हणाल्या आणि भांडे पुढे सरकवले. साहेबांनी त्यांच्याकडे असे पाहिले की दुसरे कुणी असते तर तिथेच विरघळले असते. बाईंनी नजर खाली केली नाही.

वाफाळते पाणी आत गेले. पंप आणखी शांत झाला. मग त्याहून शांत. मामांनी दांडी टेकवली आणि त्यांचा चेहरा फुलला. "वा! दातांचा आवाजच नाही. नुसतं लोणी!" कामगारांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

सिस्टर मात्र पलीकडच्या नळीला हात लावून उभ्या होत्या.

"आवाज नाही हे खरं," त्या म्हणाल्या, "पण पाणी तरी कुठंय?"

टाळ्या हवेतच राहिल्या. चाके आत फुगून भिंतीला चिकटली होती. बाहेरची मोटर आपल्या चुंबकासह फिरत होती, तिच्यावरचा दिवा लागलेला होता, आणि आतले चुंबक जागच्या जागी उभे होते. सगळ्यांनी टाळ्या दिल्या त्या बंद पडलेल्या पंपाला!

बाईंनी त्याला सोडवले आणि मला जोडले, लाल दोऱ्यासकट. थंड पाण्यात मी माझा नेहमीचा राग आळवला. मागे कुणीतरी खुदकन हसले. मी म्हटले, हसा, पोटभर हसा. मग कढत पाणी आले. माझी चाके फुगू लागली, सोडलेली जागा भरत गेली, दात नीट जुळले, आणि माझा आवाज हळूहळू गुणगुणण्याइतका खाली आला. पलीकडच्या नळीतून पाणी धो धो भांड्यात पडत राहिले.

"याला कुणी नापास केलं?" सिस्टरांनी विचारले.

मामांनी दांडी खाली ठेवली. "मी केलं. थंड पाण्यात ऐकून." ते पुढे झाले आणि माझा दोरा सोडायला लागले.

"राहू द्या, मामा," बाई म्हणाल्या. "तो तसाच जाऊ दे."

"अहो, पास झाला की तो!"

"झाला ना? मग दोऱ्याने त्याचं काय बिघडतंय?"

मामांनी गाठ सोडायच्या ऐवजी आणखी घट्ट केली. साहेब त्या अडकलेल्या पंपाकडे बघत म्हणाले, "सगळी चाकं नव्याने बनवा. बाईंच्या मापाने."

तर असा मी वॉर्डात गेलो. खिडकीजवळच्या खाटेचे यंत्र माझे. बाईंचे वडील बहुतेक वेळा त्याच खाटेवर असत. अजून जुनेच यंत्र असलेल्या खाटेवरून एक गृहस्थ म्हणत, "तुमचं यंत्र फार बडबडतं बुवा." त्यावर वडील म्हणत, "बडबडतंय म्हणजे जागं आहे. तुमच्याचं बघा, डुलकी लागली असेल." त्यांनी माझे नाव ठेवले कुरकुऱ्या. त्यांच्या पायांची सूज उतरली. ते पुन्हा जिना चढू लागले, आणि वॉर्डातल्या पडद्यांना टीप मारून देण्याइतकी ताकद त्यांच्यात आली.

सगळे दिवस गोडीचे नव्हते. एकदा नव्या मदतनिसाने पाण्याचा नळ उघडायचा विसरून यंत्र सुरू केले. पाणीच माझे वंगण. ते नसले की माझे दात कोरडे घासतात, झिजतात. मी कर्कश ओरडलो, लाल दिवाही लागला. तो म्हणाला, "पंप गेला वाटतं." वडील खाटेवरूनच गरजले, "पंप नाही गेला, नळ उघडायचा राहिलाय. तो ओरडून सांगतोय, जरा ऐक की!" पुढे कधी महिनोन्‌महिने माझ्याकडे येणारे पाणी गाळणारी जाळी कुणी धुतली नाही, माझ्या अंगावर क्षारांची पांढरी पुटे चढली. तेव्हाही मी कुरकुरलो. कुणी ऐकले, कुणी नाही. पण फिरायचे मी थांबवले नाही.

बाईंचे वडील आता नाहीत. म्हातारपणी, स्वतःच्या घरात, शांतपणे गेले. जायचे ते सगळेच जातात. पण माझ्यामुळे त्यांचे डायलिसिस कधी चुकले नाही. एकदाही नाही. हे वाक्य मी कुणाहीसमोर, कितीही मोठ्याने म्हणायला तयार आहे.

यंत्र म्हातारे झाल्यावर त्याला मोडीत काढले आणि बाईंनी मला परत आणले. त्यांचे केसही आता पांढरे आहेत. मध्यंतरी नव्या साहेबांनी मला पाहिले आणि म्हणाले, याला चकचकीत करू, हा कळकट दोरा कापू आणि दर्शनी खोलीत काचेच्या पेटीत ठेवू. मी मनात म्हटले, खबरदार! माझ्या मनातले बाई बोलल्या. "काचेत नको. तपासणीच्या टेबलावर राहू दे त्याला. आणि अधूनमधून फिरवा." मी तिथेच आहे. शेजारी मामांची दांडी टांगली आहे आणि तिच्याखाली पाणी तापवायचे भांडे कायमचे बसवले आहे.

मित्रांनो, माझ्यावर दया करा असे मी म्हणणार नाही. यंत्राची काळजी घ्यायची तर त्याला कोरडे फिरवू नका, त्याची जाळी वेळेवर धुवा, आणि ते कुरकुरले तर त्याला गप्प करण्याआधी ते काय सांगते आहे ते ऐका. वर्गातल्या कुरकुऱ्या दोस्तालाही हाच न्याय लावा.

कालच एक नवा पंप टेबलावर आला. गोरागोमटा, देखणा. जुळवणारा पोरगा खुशीत म्हणाला, "बघा, किती शांत आहे!" त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत सगळा कारखाना एका सुरात ओरडला, "गरम केलास का?"

मी थंड पाण्यात अजून कुरकुरतो. पटत नसेल तर आणखी एक लाल दोरा बांधा, मान माझी पुढे आहे. फक्त आधी कढत पाणी आणा.