ॲरन बेटावरचा सूर्यास्त

प्राचार्य दत्तोपंत हेर्लेकर यांच्या गौरवग्रंथाच्या प्रास्ताविकात नियामक मंडळाने असे प्रमाणित केले आहे की, 'बेटावरचा एक दिवस' हा लेख म्हणजे प्राचार्यांच्या १९६७ सालच्या स्कॉटलंडमधील सायकलप्रवासाचा अस्सल वृत्तान्त होय. ग्रंथाचा संपादक मी असल्याने हा अस्सलपणा तपासणे मला भाग पडले.

प्राचार्य त्या उन्हाळ्यात ग्लासगोला एका शिक्षणक्रमासाठी होते, हे खरे. त्याच शिक्षणक्रमाला त्यांच्या विभागातील अधिव्याख्यात्या त्रिशला मगदूमही होत्या, हे मात्र प्रास्ताविकात नाही.

लेखात घाई कुठेच नाही. ॲरन बेटावर ब्रॉडिक बंदरात बोटीतून उतरून भाड्याची सायकल घेतलेला माणूस चढ आला की उतरून चालतो, खडकांवर पहुडलेल्या सीलांकडे पाहत अर्धा तास नुसता बसतो, एका म्हातारीने दिलेले दूध फाटकाशी उभ्यानेच पितो. मग पश्चिम किनारा येतो: 'रात्रीचे नऊ वाजले होते. पलीकडच्या डोंगरांवर सूर्य अजून दोन हात होता. मी डबा उघडला आणि सावकाश जेवलो. जेवायला एवढा वेळ जन्मात प्रथमच मिळाला.'

प्राचार्य रात्री दहाला जेवतात. त्यांच्या ताटाचा आणि सूर्याचा संबंध कधी आलेला नाही. त्रिशलाबाई जैन; दिवस मावळल्यावर घास न घेणाऱ्या. सभा लांबली की त्यांची नजर खिडकीकडे जाई आणि प्राचार्य सर्वांदेखत म्हणत, "पळा बाई, तुमचा सूर्य निघाला!" सगळे हसत. मीही हसलो आहे.

लेखातली सगळी क्रियापदे प्राचार्यांनी पुरुषाची करून घेतली. सूर्य तेवढा राहू दिला. तो त्यांना निसर्गवर्णन वाटला असावा.

त्रिशलाबाई १९७४ साली वारल्या. शिरोळला त्यांच्या आई राजमतीबाईंना भेटलो.

"तिची तिकडची पत्रं पुरात गेली, पावणं," त्या म्हणाल्या. "पर पोर सांगायची, आई, तिकडं दिवस मावळायचं नाव घेत न्हाय, निवांत जेवले बघ. एकदा तिच्या नावानं छापा की. मला दिसतंय तोवर."

परतल्यावर प्राचार्यांना विचारले, "त्या दिवशी आपण किती वाजता जेवलात?"

"असतील सात-आठ. ते कोण लक्षात ठेवतो?"

मी लेखातले ते वाक्य त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी 'नऊ' या शब्दावर बोट ठेवले. मग त्यांनी कागद मागितला.

ग्रंथ छापखान्यात गेला आहे. लेखावर त्रिशला मगदूम हे नाव आहे. खाली तळटीप आहे, प्राचार्यांच्या सहीची, एक अक्षरही न बदललेली:

"लेख त्रिशलाचा. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी तिने माझ्याकडे दिला, मी त्यावर माझे नाव घातले. अंक निघाला त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, 'सर, मला आयुष्यात असा एकच दिवस मिळाला होता.' मी मान वर केली नाही. म्हणालो, 'पळा बाई, तुमचा सूर्य निघाला.'"